जिवाणीचा पोहरा

आईने मीठ सोडलं ते माझ्यामुळे. घरात कुणी तसं उघड बोलत नव्हतं, पण आमटीचा पहिला भुरका घेतला की सगळ्यांना आठवायचंच. आई सगळा स्वयंपाक अळणी करायची आणि मिठाची बरणी मधोमध ठेवायची. ज्याला पाहिजे त्याने वरून घ्यावं. बाबा दर जेवणाला बरणीचं झाकण आपटून उघडायचे आणि माझ्याकडे रोखून बघायचे.

“एकीला सोडायचं न्हाई, एकीला खायाचं न्हाई,” ते म्हणायचे, “आनि मधल्यामधी माझ्या जिभंचं मरान.”

आमचं घर समडोळीचं, सांगलीपासून जवळच. ऊस आणि हळद. बाबा म्हणजे भरतेश, आई कस्तुरी आणि मी ब्राह्मी, त्यांची एकुलती एक आणि त्यामुळे दोघांच्या वाट्याचा हट्ट एकटीने उचललेली. घर जैन. जमिनीखालचं काही खायचं नाही, दिवस मावळायच्या आत जेवायचं, पाणी गाळल्याशिवाय ओठाला लावायचं नाही. अशा घरातली पोर प्राणिशास्त्र शिकायला निघाली तेव्हाच आईने कपाळाला हात लावला होता. “कापाकापी आता कॉलेजात बंद झालीय” असं मी तिला सांगितलं, ते खरंही होतं, म्हणून निभावलं.

आता मी सांगलीच्या एका महाविद्यालयात शिकवते आणि संशोधन करते ते समुद्राच्या तळातल्या जिवांवर. सांगलीत कृष्णा असताना घाट उतरून खाली समुद्राचा चिखल कशाला उपसतेस, असं मला निम्म्या गावाने विचारून झालंय. त्यांना मी एकच सांगते. पाणी नासलं तर मासा शेपूट हलवून दुसरीकडे जातो. तळातल्या चिखलात बीळ करून राहणारा गांडुळासारखा वळवळा, शिंपली, गोगलगाय कुठे जाणार? ज्यांना पाठीचा कणा नाही तेच जागचे हलत नाहीत आणि पाण्याने जे दिलं ते भोगतात. म्हणून बंदराची तब्येत विचारायची ती त्यांना. मला हे जीव आवडतात, कारण ते आमच्या घरच्या बायकांसारखे आहेत. जागा सोडत नाहीत.

कोकणातल्या एका शहराच्या कुशीतलं जुनं बंदर आमच्या वाट्याला आलं होतं. एका बाजूला मासळीचा बाजार, दुसऱ्या बाजूला बर्फाचा कारखाना, मधे शहराचं सांडपाणी आणणारा नाला. बंदरात गाळ साठला होता आणि तो उपसणं गरजेचंच होतं. प्रश्न होता तो उपसलेला गाळ टाकायचा कुठे. बंदराच्या दक्षिणेकडे, खडकाच्या आडोशाला, एक शांत कोपरा होता. सल्ला देणाऱ्या एका कंपनीने लिहून दिलं होतं की त्या कोपऱ्यातला तळ निर्जीव आहे, खुशाल टाका. कुणीतरी शंका काढली आणि फेरतपासणीचं काम आमच्या कॉलेजला मिळालं. पावसाळा सरताना, हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी अशा खेपा करायच्या आणि उन्हाळ्यात बंदराच्या समितीपुढे सांगायचं की तिथे काही जगतंय की नाही. आम्ही काम सोडलं तर आधीचा अहवाल कायम. मग त्या कोपऱ्यावर पुरुषभर गाळ पडणार आणि खाली जे असेल ते गाडलं जाणार.

पहिली खेप आटोपून आले तेव्हा गणपतीची सुट्टी लागून कॉलेज बंद होतं. बाटल्यांचे क्रेट मी घरी पडवीत ठेवले. आमची पद्धत अशी, की लोखंडी पंजा दोरीने तळाला सोडायचा, तो मूठभर चिखल चावून वर येतो. तो चिखल बारीक चाळणीत धुवायचा, आणि चाळणीवर जे उरेल ते टिकावं म्हणून औषधाच्या पाण्यात बुडवून बाटलीत भरायचं. त्यात एक रंग घालतात, म्हणजे जे जिवंत होतं ते गुलाबी होतं आणि कचऱ्यातून निवडायला सोपं जातं.

आई सकाळी पडवी झाडायला गेली आणि झाडू हातात धरून तिथेच उभी राहिली.

“ह्ये गुलाबी काय हाय गं?”

“वळवळे. समुद्रातले.”

“जिते हुते?”

“व्हय.”

“किती असतील एका बाटलीत?”

मी शास्त्रज्ञ आहे. “शंभरभर,” मी म्हणाले.

आईने क्रेटच्या कडेने झाडून घेतलं. दशलक्षण पर्वाचे, आमच्याकडच्या व्रत-नेमांचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात जाऊन तिने महाराजांसमोर नेम घेतला, की लेकीच्या हातानं जोवर जीव जात्यात तोवर मीठ खाणार नाही. घरी येऊन मला एवढंच सांगितलं आणि पीठ मळायला बसली.

मी संतापले. इतकी संतापले की दोन दिवस क्रेटमधल्या बाटल्या उगाच मोजत बसले. ओरडली असती तर मी ओरडले असते. रडली असती तर समजूत काढली असती. ही बाई स्वतःच्या ताटातून मीठ काढते आणि मला म्हणते, तू तुझं कर!

“आई, मी हे केलं न्हाई तर त्या कोपऱ्यातलं सगळंच मरंल. मी थोडे मारून लाखो वाचवते.”

“मग वाचव की,” ती म्हणाली. “मारून कशापायी वाचवतीस?”

 तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. दिवाळीनंतर मी आमचे विभागप्रमुख जवाहर सरांकडे गेले आणि म्हणाले, पुढच्या खेपेपासून औषधात सगळं बुडवायचं नाही. बोटीवरच जिवंत निवडायचं, मोजायचं, फोटो काढायचे. प्रत्येक जातीचा एकच नमुना ठेवायचा आणि बाकीचे परत सोडायचे.

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. “ब्राह्मी, हलत्या बोटीवर केसाएवढा किडा जिवंत मोजायचा? कंबर मोडेल.”

“मोडू दे.”

“आकडा चुकला तर समितीत ते आपली सालटी काढतील.”

“प्रत्येक चाळण दोघांनी मोजायची. मी आणि हंबीरराव.”

हंबीरराव आमचे मदतनीस. गाव कडेगाव, फौजेत पूल बांधणाऱ्या पलटणीत नोकरी करून निवृत्त झालेले सुभेदार. पंजाची दोरी, बोटवाल्याशी बोलणी, गाडी, सगळं त्यांच्याकडे. त्यांना विचारलं तर म्हणाले, “मोजू की. शिपाई मोजल्यात, किडं मोजाय काय हुतंय?”

माघात दुसरी खेप झाली. सर म्हणाले ते खरं होतं, कंबर मोडली. पांढऱ्या थाळ्यात समुद्राचं पाणी घेऊन, बोट डुलत असताना, एकेक वळवळा मऊ कुंचल्याने उचलायचा. मोठमोठ्याने आकडा म्हणायचा, हंबीररावांनी पुन्हा मोजायचा, जुळला तर लिहायचा. जिथे पूर्वी चार ठिकाणं व्हायची तिथे दिवसाला एक व्हायला लागलं. पण पहिल्या थाळ्यातले सगळे जिवंत मोजून झाले तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं. मी बोटीतूनच आईला फोन लावला.

“आई, आज मी जिवाणी सोडते बघ!”

जिवाणी म्हणजे काय ते सांगायला हवं. पाणी गाळल्यावर फडक्यावर जे बारीक जीव राहतात ती जिवाणी. ती फेकायची नसते. ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायची, हा आमच्याकडचा जुना नेम. मी फोन कानाला धरूनच थाळा बोटीच्या काठावर नेला, मनात णमोकार मंत्र म्हटला आणि पाण्यात ओतला.

क्षणभर काही नाही. मग खालून पाणी उकळल्यासारखं झालं. मिशाळ तोंडाचे शिंगाळे मासे वर आले. वळवळे चार हातसुद्धा खाली गेले नसतील, सगळे फस्त. वरून घारीने झडप घालून राहिलंसाहिलं उचललं.

हंबीरराव शांतपणे म्हणाले, “ताई, तुमी तर शिंगाळ्यांची पंगत बसवली.”

फोनमध्ये आई विचारत होती, “सोडलंस का गं? गेलं का पान्यात?”

“गेले,” मी म्हणाले आणि फोन बंद केला. मला रडू आलं, आणि ते हंबीररावांना दिसलं याचा जास्त राग आला. तळात बिळं करून राहणाऱ्या जिवांना मी पाण्याच्या माथ्यावर सोडून दिलं होतं. हे म्हणजे रात्री वाट चुकलेल्या म्हातारीला तिच्या गावाच्या फाट्यावर उतरवून ‘घरी पोचवलं’ म्हणण्यासारखं होतं. एवढं शिकून मला हे सुचलं नाही, कारण माझं सगळं लक्ष आईला सांगण्यात होतं.

मग त्या बोटीत बसल्या बसल्या मला आमची विहीर आठवली. नळ यायच्या आधीची. आई जिवाणी कधीच काठावरून ओतत नसे. वरून पडलं तर जीव आपटून मरतात म्हणायची. त्यासाठी एक वेगळा पितळी पोहरा होता, त्याच्या बुडालाही कडी. एक दोरी वरच्या कडीला, दुसरी बुडाच्या कडीला. पोहरा हळूहळू उतरवायचा, पाण्याला टेकला की बुडाची दोरी ओढायची, म्हणजे तो तिथेच अलगद पालथा व्हायचा. मला तोच पोहरा पाहिजे होता.

बंदरातून परतते तोच बाबांचा फोन आला. हळद शिजवायचे दिवस होते. कढईच्या आचेशी दिवसभर उभी राहून आई चक्कर येऊन पडली होती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, अंगातलं मीठ कमी झालंय, मीठ सुरू करा. आईने मान हलवून नाही म्हटलं होतं.

मी घरी पोचले तेव्हा ती बाजल्यावर पडली होती. पोटऱ्यांत गोळे येत होते आणि बाबा पाय चोळत होते. तिचे ओठ सुकलेले होते. मला त्या क्षणी सगळं सोडून द्यावंसं वाटलं. सोडते म्हणाले असते तर त्याच संध्याकाळी तिने आमटीत मीठ घातलं असतं. आणि उन्हाळ्यात त्या कोपऱ्यावर गाळ पडला असता.

“आलीस?” ती म्हणाली. “सोडते म्हनाया आलीस न्हवं?”

“न्हाई.”

बाबांचा हात थांबला.

“मग?”

“जिवाणीचा पोहरा पायजे.”

मी तिला सगळं सांगितलं. शिंगाळे, घार, फोनवर अर्धंच सांगितलं तेही. ती ऐकत राहिली. पोटरीत कळ आली की डोळे मिटायची, मग पुन्हा उघडायची.

“किती खोल हाय तिथं?”

“आपल्या विहिरीएवढं. भरतीला जरा जास्त.”

“मग समदं परत सोडनार तू?”

इथे खोटं बोलणं सोपं होतं. “न्हाई,” मी म्हणाले. “एकेका जातीचा एक बाटलीत ठेवनार. त्याशिवाय समितीला पटत न्हाई. पैला अहवाल निस्त्या बोलण्यानं मोडनार न्हाई, पुरावा लागतो.”

“मग मीठ न्हाई.”

“नको खाऊ.”

“तुमी दोघी मला घिऊन जा आनि त्या बाटलीत बुडवा!” बाबा ओरडले आणि उठून गोठ्यात गेले.

आई कोपरावर टेकून उठली. मग म्हणाली, “पोहरा द्येत न्हाई. मी घिऊन येते. तुला सोडाय यायचा न्हाई, तुजा हात लय घाईचा हाय.”

डॉक्टर, बाबा, जवाहर सर, कुणाचंच तिच्यापुढे चाललं नाही. डॉक्टरांनी एवढं कबूल करून घेतलं, की शहाळ्याचं पाणी रोज प्यायचं. ते तिच्या नेमात बसत होतं. पोहरा तिने चिंचेने घासून लखलखीत केला.

तिसऱ्या खेपेला आंबा घाट उतरताना गाडीत मागे पंजा, चाळणी, बाटल्या, शहाळी आणि पुढे आई, मांडीवर पोहरा. हंबीरराव तिला वाटेत म्हणाले, “आवं आक्का, आमी मटान खानारी मानसं. आमच्या गाडीत बसलं तर चालतंय न्हवं?”

“गाडी मटान खात न्हाई न्हवं?” आई म्हणाली. पुढे सगळा घाट हंबीरराव हसत होते.

त्या कोपऱ्यात बोट थांबली तेव्हा सकाळ कोवळी होती, पण वास कोवळा नव्हता. पाण्यावर तेलाचे डाग, प्लास्टिकच्या पिशव्या, मासळीची आतडी. आईने पदर नाकाला लावला नाही. हंबीररावांनी पंजा सोडला, वर ओढला, टबात उघडला. काळा, चिकट, कुजक्या अंड्यासारख्या वासाचा चिखल. आईने त्यात वाकून पाहिलं.

“ह्यात ऱ्हातंय कोन?”

“बघ आता.”

मी चाळण टबात धरून हलकेच हलवू लागले. चिखल पाण्यात विरघळत खाली गेला आणि जाळीवर एकेक हालचाल दिसायला लागली. तांबडे वळवळे. नखाएवढ्या शिंपल्या, अंग आत ओढून घेणाऱ्या. कोळंबीचे चुलतभाऊ म्हणावेत असे उड्या मारणारे बारीक जीव. आई माझ्या खांद्याशी वाकली होती.

“ह्ये तर आपलं गाळनंच की गं,” ती हळू आवाजात म्हणाली.

मोजणी झाली. आता पोहऱ्याची पाळी. त्यात एक अडचण होती, ती हंबीररावांनी आधीच ओळखली होती. विहिरीत पोहरा फक्त पाण्याच्या माथ्यापर्यंत जायचा, इथे तळापर्यंत जायला हवा होता, आणि मधे शिंगाळे टपलेले. आईने कमरेला खोचलेलं, पाणी गाळायचं फडकं काढलं आणि पोहऱ्याच्या तोंडावर पसरलं. हंबीररावांनी ते पातळ दोरीने बांधलं, वर सुरगाठ मारली. “वरनं झटका दिला की सुटती. पुलाच्या कामात हीच मारायचो.” मी पोहऱ्याशेजारी पाण्यात चालणारा छोटा कॅमेरा बांधला.

आईने दोरी हातात घेतली. इतकी वर्षं झाली तरी तिचा हात विसरला नव्हता. एक मूठ सोडायची, दुसरी धरायची. बोट डुलली तरी दोरी हलली नाही. शिंगाळे येऊन फडक्याला ढुशा देऊन गेले. दोरी सैल पडली तशी ती म्हणाली, “टेकला.” हंबीररावांनी सुरगाठ ओढली. आईने थोडं थांबून बुडाची दोरी ओढली.

मी कॅमेरा वर काढून तिला चित्र दाखवलं. गढूळ हिरवट उजेडात पोहरा कलंडतो, जीव चिखलावर सांडतात. एक शिंपली पडल्या जागी निपचित राहते, मग पाय बाहेर काढून चिखलात शिरते. वळवळा डोकं खुपसतो आणि शेपटीकडून हळूहळू नाहीसा होतो. सगळे वाचले असं मी म्हणणार नाही, काही आमच्या चाळणीतच तुटले होते. पण बरेचसे घरात गेले. आईने तेच चित्र पुन्हा पुन्हा बघितलं.

“ग्येला,” प्रत्येक वेळी म्हणायची. “ह्यो बी ग्येला.”

असं दुपारपर्यंत चाललं. प्रत्येक जातीचा एक नमुना मी वेगळ्या वाटीत काढत होते आणि आई तिकडे बघायचं टाळत होती. मग खडकाच्या अगदी जवळच्या चिखलात एक जीव आला. बोटाच्या पेराएवढी तबकडी आणि तिला पाच लांब, केसाळ, नागमोडी हात. तारामाशांच्या कुळातला, पण फार नाजूक, हात लावला तर तुटणारा. नासक्या तळात हा टिकतच नाही. तो सापडला याचा अर्थ हा तळ नुसता जिवंत नाही तर बरा आहे. कंपनीचा अहवाल खोटा ठरवायला हा एकटा पुरेसा होता.

आणि तो खरंच एकटा होता. त्या चाळणीत दुसरा नव्हता. आम्ही त्याच जागी पंजा पुन्हा टाकला, परत टाकला. दुसरा आला नाही.

थाळ्यात तो हात पसरून फिरत होता. आई त्याच्याकडे बघत होती आणि मी आईकडे.

“फोटू काढा की ताई,” हंबीरराव म्हणाले. “न्हाई भागायचं फोटूवर?”

“दुसरीकडचा फोटो हाय म्हणतील.”

“एकच हाय त्यो,” आई म्हणाली.

“व्हय.”

तिने मला सोड म्हटलं असतं तर मी चिडून बाटलीत घातला असता. ती काही म्हणाली नाही, त्यामुळे सगळं माझ्यावर आलं.  मला त्या जिवाचं फार वाईट वाटलं, आईचंही वाटलं, पण त्या कोपऱ्यात त्याच्या जातीचे आणखी असणार होते आणि त्यांच्यावर पुरुषभर गाळ पडू द्यायचा नव्हता. मी गुंगी आणणाऱ्या पाण्याची वाटी पुढे ओढली. आधी त्यात ठेवायचं, म्हणजे औषधात घालताना त्याला कळत नाही. मी त्याला कुंचल्याने उचललं आणि आईच्या डोळ्यांसमोर त्या वाटीत ठेवलं. पाठ फिरवून करायचं नाही एवढं मी ठरवलं होतं.

आई सरकत माझ्याजवळ आली. मला वाटलं, माझा हात धरते. तिने डोक्यावरून पदर घेतला, वाटीवर वाकली आणि णमोकार म्हणायला लागली. आमच्यात माणूस जायला लागलं की त्याच्या कानाशी म्हणतात, तसा. त्या जिवाला कान नव्हते हे मला माहीत होतं, पण मी वाटी स्थिर धरली. हंबीररावांनी डोक्यावरची टोपी काढली. वाटीतले पाच हात हळूहळू सैल पडत गेले. तिचं म्हणून झालं, मग मी त्याला बाटलीत सोडलं.

“झाकन नीट लाव,” आई म्हणाली. “गेलाय तर कामाला ईऊ दे.”

समितीच्या बैठकीत कंपनीचे साहेब आमचे आकडे बघून हसले. किनाऱ्यावर असे फोटो कुठेही मिळतात म्हणाले. मी बाटली काढून टेबलावर ठेवली, शेजारी बोटीवर थाळ्यापाशी चालू ठेवलेल्या कॅमेऱ्यातलं चित्रण लावलं, ज्यात पंजा, बोट, मागचा खडक आणि पदर घेतलेली आई दिसत होती. जीव ओळखणारे एक वयस्कर तज्ज्ञ समितीवर होते. त्यांनी बाटली उजेडाला धरली, भिंग लावलं, आणि दुसरं काही विचारायची गरज उरली नाही. गाळ बाहेर खोल समुद्रात टाकायचं ठरलं. कोपरा वाचला.

वैशाखातल्या त्या संध्याकाळी मी समडोळीला पोचले तेव्हा दिवस मावळायला थोडा अवकाश होता आणि ताटं वाढलेली होती. बातमी ऐकून बाबांनी मिठाची बरणी स्वतः उचलली आणि आईपुढे ठेवली, अगदी नैवेद्य ठेवावा तशी.

“संपलं न्हवं समदं?” आईने मला विचारलं.

“ह्या बंदराचं संपलं.”

तिने बरणीत हात घातला. चिमटीत मीठ घेतलं. तिचा चेहरा इतक्या महिन्यांनी लहान पोरीसारखा झाला होता. मी गप्प बसले असते तर तिचा एक घास तरी गोड झाला असता. पण सकाळीच जवाहर सरांनी सांगितलं होतं, की दक्षिणेकडच्या आणखी एका बंदराने याच पद्धतीने पाहणी करायला बोलावलंय, आणि मी हो म्हणून बसले होते.

“आई, थांब,” मी म्हणाले, आणि सांगितलं.

“आगं, एक घास तरी खाऊ द्यायचास तिला!” बाबांनी कपाळ बडवून घेतलं.

आईने चिमूट सोडली. मीठ बरणीत परत पडलं. तिने बोटं झटकली, भाकरीचा तुकडा अळणी आमटीत बुडवला आणि खाल्ला. 

“दोरी बदलाय पायजे,” ती घास गिळत म्हणाली.

“कसली?”

“पोहऱ्याची. खाऱ्या पान्यानं कुजलीया. हंबीररावास्नी सांग, काथ्याची चांगली आना. आनि फडकं बी जाड बघू. ह्या खेपंला कवा निघायचं?”

 मी माझ्यासमोरची बरणी बाजूला सारली आणि तशीच आमटी ओढायला लागले. आईने ते बघितलं. तिने बरणी ओढली, चिमूटभर मीठ घेतलं आणि माझ्या वाटीत टाकून बोटाने ढवळलं.

“नेम माजा हाय, तुजा न्हाई,” ती म्हणाली. “तू खा. तुला बोटीत हुभं ऱ्हायाचं हाय. पायांत गोळं लय वाईट येत्यात.”

मी भुरका मारला. आठ महिने चव न घेताही तिची चिमूट अचूक होती.